वॉकीटॉकी विकणाराच सल्लागार कसा?

खरखर: काल एका विक्रेत्याने लिहिलं, "ग्राहकाला तांत्रिक काही कळत नाही, आम्ही सुचवू ते घेण्यातच त्याचं हित." डोकंच फिरलं. आवाज पोचत नाही म्हटलं की यांचं उत्तर ठरलेलं: सगळे सेट बदला, डिजिटल घ्या. अँटेना किती उंच, केबल कुठली, कोणी वर चढून बघत नाही. आमच्या बेसला (ऑफिसातल्या मुख्य सेटला) ३० मीटर आरजी-५८, म्हणजे बारीक केबल, जोडलेली होती. यूएचएफ फ्रिक्वेन्सीवर तेवढ्यात साधारण १० डीबी (डेसिबल) जातात, पॉवर एक दशांश होते, म्हणजे २५ वॅटचे अँटेनापाशी उरले अडीच! चांगली केबल टाकली, काम झालं. कोटेशन मात्र रिपीटरसकट (सिग्नल झेलून पुन्हा जोरात पाठवणारा सेट) नव्या सिस्टिमचं आलं होतं.

डीलर_पण_माणूस: केबलने भागत असेल तर मी केबलच विकतो. पण साइट सर्व्हेचे पैसे मागितले की तुम्हीच म्हणता, "विकायला आलात ना, मग बघा फुकट." तो खर्च सेटच्या किमतीत घुसणारच. आणि डिजिटल म्हणजे थापेबाजी नव्हे. डीएमआर या डिजिटल पद्धतीत १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनेलवर, एकाच रिपीटरवरून दोन संभाषणं एकदम चालतात.

खरखर: दोन हवीत का, हे विचारलंत कधी? तुम्ही "रेंज वाढते" म्हणून विकता. सिग्नल अगदी क्षीण झाला तरी ॲनालॉग खरखरत का होईना बोलतं. तुमचं डिजिटल तुटक होतं आणि मुकं होतं.

मधलीसुट्टी: तोवर ते स्वच्छ ऐकू येतं, हे सोयीस्कर विसरलात. असो. माझा खरा राग कोडप्लगवर, म्हणजे सेटमध्ये भरायच्या चॅनेल-सेटिंगच्या फाइलवर. सेट आमचे, पैसे आमचे, प्रोग्रॅमिंगचा पासवर्ड डीलरकडे. चॅनेलचं नाव बदलायचं तरी व्हिजिट चार्ज!

डीलर_पण_माणूस: पासवर्ड नसेल तर तुमचा सुपरवायझर हौसेने फ्रिक्वेन्सी बदलेल. परवान्याबाहेर गेलात की बोंब माझ्या नावाने.

मधलीसुट्टी: परवाना आमचा, नोटीस आम्हाला. तुमच्या पोटात का दुखतं? आमच्या आधीच्या डीलरने धंदा गुंडाळला, पासवर्डही त्याच्यासोबत गेला. नवा म्हणाला, सगळं पुसून पहिल्यापासून भरू. चॅनेल, टोन, ग्रुप, कुठे म्हणून नोंद नाही. याला तांत्रिक सल्ला म्हणायचं की खंडणी?

डीलर_पण_माणूस: खंडणी? शब्द जपून वापरा. एकाने केलं म्हणून सगळ्यांना चोर ठरवू नका.

निवृत्त_वायरलेसवाला: भांडा खुशाल, पण खरेदी करणारेही धुतल्या तांदळाचे नाहीत. आमच्या साहेबांना निविदेत वॅटचा आकडा मोठा हवा असायचा. पॉवर दुप्पट केली तर मिळतात जेमतेम ३ डीबी. त्यापेक्षा अँटेना वर न्या म्हटलं, तर "मास्टचं बजेट वेगळं." खोक्यावरची रेंजही अशीच. दोघांनी दीड मीटर उंचीवर सेट धरले तर सपाट मोकळ्या जमिनीवर रेडिओ क्षितिज, म्हणजे सिग्नल आडकाठीशिवाय पोचेल ते अंतर, साधारण १० किलोमीटर येतं. तळघरात उभं राहून तोच आकडा मागायचा, आणि मिळाला नाही की डीलर लबाड! कोडप्लगचं मात्र मधलीसुट्टी बरोबर बोलतात. फाइल आणि पासवर्ड हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडायचा नाही, हे ऑर्डरमध्येच लिहावं.

डीलर_पण_माणूस: घ्या फाइल, आरती करा तिची. सर्व्हेचं बिल वेगळं लावलं की इथे येऊन रडू नका.

खरखर: लावा की! फक्त येताना ब्रोशरऐवजी अँटेना-केबल तपासायचा एसडब्ल्यूआर मीटर आणा.

मधलीसुट्टी: फाइल म्हणालात. पासवर्डचं काय?