वाळवलेल्या गवती चहाचा वास काऊन उडतो?

सांदवाडी, वर्धा: गवती चहा आणि तुळस स्लॅबवर उन्हात वाळवली. दोन दिवसांत कडक झाली, पण पानं पिवळी पडली आणि चहाला कडब्यासारखी चव येते. श्रावणात घरात वाळवून बरणीत भरली, तर बुरशी आली. कुठं चुकतंय? एका कपाला किती घालायची?

बांधावरचा: ताई, उन्हानंच घात केला. गवती चहाचा लिंबासारखा वास सिट्रलचा, तुळशीचा युजेनॉलचा. ही तेलं उडून जाणारी. तापलेल्या स्लॅबवर पाण्यासोबत वासही जातो.

पानं सकाळी दव उतरल्यावर कापा. आधी धुवा, पाणी पूर्ण निथळू द्या, मगच कात्रीनं बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. कापून धुतली की कापलेल्या कडांतून तेल वाहून जातं. बाजेवर धोतराचं जुनं धुतलेलं कापड अंथरून एकच पातळ थर पसरा, म्हणजे खालूनही हवा लागते. जागा सावलीची, वारा खेळता. दिवाळीनंतर चार-पाच दिवस लागतात, मे महिन्यात सावलीतही दीड-दोन दिवस पुरतात. पान वाकलं तर ओल आहे, कट्‌कन मोडलं तर झालं. तुळशीचं पान लवकर कुरकुरीत होतं, पण देठ मागं राहतो. बुरशी बहुतेक तिथूनच सुरू होते, म्हणून देठ काढूनच वाळवा.

काचेच्या बरणीत भरल्यावर चार दिवस झाकण आतून बघा. वाफ धरली असेल तर लगेच बाहेर काढून पुन्हा पसरा. चुरा आधी करू नका, चहा करतानाच चुरगाळा.

आणि पावसाळ्यात वाळवायचा आटापिटा कशाला? तेव्हा गवती चहा जोमात असतो, ताजाच वापरा.

गंजभर चहा: एका कपाला, म्हणजे दीडशे मिली पाण्याला, वाळलेला गवती चहा सपाट एक चमचा, ताजी असतील तर दोन लांब पानं. गंजात, म्हणजे पातेल्यात, दोन-तीन मिनिटं उकळू द्या. तुळस मात्र उकळू नका, आच बंद करून पाच-सहा पानं टाका आणि पाच मिनिटं झाकण ठेवा. झाकणाला आतून थेंब धरतात, ते गंजातच झटका, वास त्यात असतो. गूळ घालायचा तर दूध नको, फाटू शकतं. दूध हवंच असेल तर साखर घाला.

रानपाखरू: पऱ्हाटीला, म्हणजे कापसाला, लागून असलेल्या धुऱ्यावरची (बांधावरची) पानं घेऊ नका. फवारा वाऱ्यानं तिथवर येतो आणि नुसत्या धुण्यानं सगळा जात नाही. दुसरं, आपल्या रानात तिखाडी गवतही माजतं. त्याचं पान बुडाशी रुंद, काडीला कवळा घालून बसलेलं असतं, आणि चोळलं तर गुलाबाकडे झुकणारा वास येतो. गवती चहा लिंबासारखाच वासला पाहिजे. खोकल्यासाठी अडुळसा घालत असाल, तर गरोदर बाईला तो चहा देऊ नका.

सांदवाडी, वर्धा: देठांसकटच भरली होती! अडुळसा घालत नाही. धुऱ्यावरचं ठोंब मात्र पऱ्हाटीलाच लागून आहे, ते खोदून मोरीजवळ लावते.