थीम पार्कमधला पूर्ण दिवस: एकीला सगळ्या राइड हव्यात, दुसऱ्याला भीती वाटते

प्रश्न

नमस्कार. पुढच्या महिन्यात आम्ही चौघे एका मोठ्या थीम पार्कमध्ये पूर्ण दिवस घालवणार आहोत. किशोरवयीन मुलांना घेऊन असा दिवस काढलेल्या पालकांकडून मला सल्ला हवा आहे. मुलगी सोळा वर्षांची आहे. तिने पार्कचा नकाशा पाठ केला आहे आणि एकही रोलर कोस्टर सोडायची तिची तयारी नाही. मुलगा नुकताच तेरा वर्षांचा झाला आहे. त्याला उंचीची भीती वाटते, आणि गरगर फिरणाऱ्या राइडनंतर त्याला हमखास मळमळते.

सविस्तर विचारण्याचे कारण दोन वर्षांपूर्वीचा प्रसंग आहे. तेव्हा मुलगा "मला नाही बसायचं" असे म्हणत असताना, "अरे, काही होत नाही, सगळे बसतात" असे म्हणून मीच त्याला रोलर कोस्टरमध्ये बसवले होते. डबा पहिल्या चढणीला लागला आणि साखळीचा खडखडाट सुरू झाला, तेव्हा त्याने मांडीवरचा दांडा इतका घट्ट धरला होता की बोटांची पेरे पांढरी पडली होती. खाली येईपर्यंत त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. उतरल्यावर तो रडलाही नाही, नुसता शर्टाच्या टोकाने चष्म्याची काच पुसत उभा राहिला, आणि घरी पोहोचेपर्यंत गप्प होता. त्या दिवशी माझे चुकले, हे मी नंतर त्याच्याजवळ कबूल केले आहे. आता तो पुन्हा यायला तयार झाला आहे, आणि मला त्याचा विश्वास दुसऱ्यांदा गमवायचा नाही.

मुलीला तिच्या एका मैत्रिणीलाही बरोबर घ्यायचे आहे आणि दोघींना आमच्याशिवाय फिरायचे आहे. त्यांना किती मोकळीक द्यावी? मुलाला एखादी राइड करून पाहा असे सुचवणेही चूक ठरेल का? आणि दिवसभर दोन दिशांना फिरून संध्याकाळी फक्त गाडीत भेटायचे असेल, तर त्याला कुटुंबाची सहल तरी कसे म्हणायचे, हा प्रश्न मला सर्वांत जास्त सतावतो आहे.

प्रतिसाद १

माझी दोन्ही मुले आता मोठी झाली आहेत, पण त्यांच्या तेरा ते सतरा या वयात आम्ही असे अनेक दिवस काढले, त्यामुळे तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. दिवसभर एकत्र राहण्याचा आग्रह सोडून दिल्यावरच आमचे दिवस खऱ्या अर्थाने एकत्र जाऊ लागले. चौघांनी प्रत्येक रांगेत एकत्र उभे राहायचे ठरवले, तर सगळ्यांत उत्साही माणूस सतत थांबतो, सगळ्यांत घाबरणारा सतत ओढला जातो, आणि दोघेही एकमेकांना अडथळा समजू लागतात. त्यापेक्षा दिवसाचे तीन भाग करावेत. सकाळ सगळ्यांची, दुपार ज्याची त्याची, आणि दिवे लागल्यानंतरचा वेळ पुन्हा सगळ्यांचा.

सकाळ सगळ्यांची ठेवण्याला व्यावहारिक कारणही आहे. दार उघडल्यानंतरचा पहिला तासभर रांगा सर्वांत लहान असतात, आणि तेव्हा बहुतेक लोक प्रवेशद्वाराजवळच्या पहिल्याच मोठ्या राइडपाशी थबकतात. तुम्ही न थांबता थेट मागच्या टोकाला गेलात, तर मुलीच्या यादीतल्या दोन-तीन राइड फारसे न थांबता होतील. एकदा तिची तहान थोडी भागली की दुपारी ती तुमच्या वेगाने चालायला कुरकुर करणार नाही. भर दुपारी रांगा सर्वांत लांब असतात. ती वेळ सावलीतल्या खेळांना, जेवणाला आणि बसून राहण्याला द्यावी. अनेक पार्कांत बंद होण्याच्या वेळी रांगेत उभे असलेल्यांना शेवटची फेरी मिळते, त्यामुळे मोठ्या राइडसाठी संध्याकाळचा शेवटचा अर्धा तास राखून ठेवणे फायद्याचे ठरते. मात्र तिथला नियम सकाळीच विचारून घ्यावा.

सोळा वर्षांच्या दोन मुलींनी दुपारी तीन तास एकत्र फिरावे, यात मला काहीही वावगे वाटत नाही, पण भेटण्याची जागा आणि वेळ मोबाईलवर अवलंबून ठेवू नका. गर्दीत नेटवर्क दगा देते, आणि दिवसभर फोटो काढून बॅटरी नेमकी चारच्या सुमारास संपते. डिस्नेलँड १९५५ मध्ये सुरू झाले तेव्हा त्याची रचना मधल्या एका चौकातून सगळीकडे वाटा फुटतील अशी केली होती, आणि नंतरच्या कितीतरी पार्कांनी तीच पद्धत उचलली. त्यामुळे प्रत्येकाच्या तोंडी "मधल्या चौकात भेटू" हेच येते आणि तिथेच सर्वांत जास्त गर्दी असते. त्याऐवजी एखादे घड्याळ, एखादा पूल किंवा प्रथमोपचार केंद्राची पायरी ठरवा, आणि सकाळी सगळ्यांनी त्या जागेवर एकदा प्रत्यक्ष उभे राहून या. आमच्याकडे नियम एकच होता: ठरलेल्या वेळेला फोन लागो वा न लागो, माणूस तिथे हजर हवा, आणि रांगेत नंबर जवळ आला असला तरी रांग सोडून यायचे. माझ्या मुलीने एकदा खरोखरच अशी रांग सोडली होती. त्यानंतर मी तिला पुढच्या वेळी दुप्पट वेळ दिला.

एकट्या माणसांची वेगळी रांग असलेल्या राइड असतील, तर मुलींना ती पद्धत समजावून सांगा. गटांना बसवल्यावर उरलेल्या रिकाम्या जागा या रांगेतून भरतात, त्यामुळे ती बहुतेक वेळा बरीच लवकर सरकते. बाजूबाजूला बसता येत नाही एवढाच तोटा.

प्रतिसाद २

मी व्यवसायाने यांत्रिकी अभियंता आहे, आणि लहानपणी मलाही तुमच्या मुलासारखीच भीती वाटत असे. "काही होत नाही" या वाक्याने माझी भीती कधीच कमी झाली नाही. नेमके काय होते हे कळल्यावर ती कमी झाली. म्हणून मुलाला मनधरणीपेक्षा माहिती द्यावी, असे मी कळकळीने सुचवीन.

त्याला सांगा की नेहमीच्या रोलर कोस्टरमध्ये पहिल्या चढणीनंतर डब्यांना ओढणारे कोणतेही इंजिन नसते. साखळीने वर नेताना मिळालेली उंचीच पुढे वेगात बदलते, आणि घर्षणात थोडी थोडी ऊर्जा खर्च होत जाते, म्हणून पुढचे उंचवटे पहिल्यापेक्षा ठेंगणे असतात. म्हणजे सर्वांत भीतीदायक भाग सुरुवातीलाच असतो. डबा उडून का जात नाही, याचे उत्तर चाकांत आहे. चाके रुळाच्या वर, बाजूला आणि खाली अशी तिन्हीकडून रूळ पकडून असतात. खालच्या चाकांची ही युक्ती जॉन मिलर या अमेरिकी अभियंत्याने १९१९ च्या सुमारास पेटंट करून घेतली, आणि त्यानंतरच खरोखर तीव्र उतार बांधणे शक्य झाले. तसेच रुळाचे विभाग पाडलेले असतात आणि एका विभागात एका वेळी एकच गाडी सोडली जाते. पुढचा विभाग मोकळा नसेल तर मागची गाडी आपोआप थांबते. चढणीवर गाडी मध्येच थांबलेली दिसली की लोक घाबरतात, पण पुष्कळदा ती थांबणे हेच यंत्रणा नीट चालत असल्याचे लक्षण असते. शेवटी वेग कमी करणारे चुंबकीय ब्रेकही कायमस्वरूपी चुंबकांचे असतील तर वीज गेली तरी काम करतात. ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी खूप वेळ तिचाच विचार करत होतो.

उलट्या वळशाबद्दल तो विचारील, म्हणून तेही सांगतो. जुन्या काळी हे वळसे पूर्ण वर्तुळाकार असत, आणि त्यांत शिरताना मानेवर एकदम जबरदस्त भार येई. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील एका पार्कमध्ये वेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्याच्या आखणीनुसार वळशाला उलट्या थेंबासारखा आकार देण्यात आला. त्यात वाकण हळूहळू वाढते आणि भार सोसण्याजोगा राहतो. आजचे उभे वळसे बहुतेक याच तत्त्वावर असतात.

जागेची निवडही महत्त्वाची आहे. शेवटचा डबा उतारावर पुढच्या डब्यांमुळे जोरात खेचला जातो, त्यामुळे तिथे आसनावरून उचलले जाण्याची भावना सर्वांत तीव्र असते. सर्वांत पुढे समोरचे सगळे दिसते. नवख्यासाठी मधला डबा सर्वांत सौम्य. तुमच्या मुलाला बसायचेच असेल तर मधली रांग मागून घ्या. कर्मचारी बहुतेक वेळा ऐकतात, फक्त एखादी फेरी जास्त थांबावे लागते.

उंचीच्या अटीबाबत मात्र कोणतीही तडजोड करू नये. अनेक मोठ्या राइडना १२२ किंवा १३७ सेंटिमीटरची अट असते, आणि ती धैर्याची परीक्षा नसून दांडा कोणत्या मापाच्या शरीराला नीट धरतो याचा हिशेब असतो. बुटात जाड तळवे घालून ती पार करण्याचा सल्ला मी काही पालकांना देताना ऐकले आहे, आणि तो धोकादायक आहे.

प्रतिसाद ३

मळमळीविषयी थोडेसे. अंतःकर्णातली तोल सांभाळणारी यंत्रणा एक सांगते आणि डोळे दुसरेच सांगतात, तेव्हा मेंदूचा गोंधळ होऊन हा त्रास होतो. तो साधारण ६ ते १२ वर्षे वयात जास्त आढळतो आणि नंतर बऱ्याच मुलांमध्ये कमी होतो, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचा त्रास आजही तेवढाच असेल असे धरून चालू नका. पोट अगदी रिकामे नको आणि भरलेलेही नको. पडद्यावरच्या दृश्यांसह हलणाऱ्या राइडमध्ये मळमळू लागले तर डोळे मिटल्याने आराम पडतो, पण रोलर कोस्टरमध्ये नजर पुढच्या रुळावर ठेवलेली बरी, कारण येणारे वळण आधी दिसले की शरीर त्यासाठी सावरते. गरगर फिरणाऱ्या दोन राइड लागोपाठ करू नयेत; त्रास साठत जातो आणि दुसरीनंतर एकदम उसळतो. गोळी द्यायची असेल तर डॉक्टरांना विचारूनच द्या. ती बहुधा निघण्याआधी घ्यावी लागते आणि तिने झोप येऊ शकते, म्हणून घरी एखाद्या सुट्टीच्या दिवशी आधी देऊन पाहावी.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार. चाकांची माहिती मी काल रात्री मुलाला वाचून दाखवली. त्याने कागदावर रूळ आणि तीन बाजूंची चाके काढली, आणि "मग खालचं चाक झिजलं तर कसं कळतं?" असे विचारले. मला उत्तर आले नाही, पण त्या ट्रिपनंतर या विषयावर तो आपणहून पहिल्यांदाच बोलला. आता माझी एक अडचण उरली आहे. मुलीची मैत्रीण बरोबर असेल तेव्हा तो तिच्यासमोर घाबरट दिसायला नको म्हणून हो म्हणेल, आणि पुन्हा तेच होईल, अशी मला भीती वाटते.

प्रतिसाद २

झीज कळते ती तपासणीने. पार्क उघडण्यापूर्वी रोज सकाळी रूळ, चाके आणि दांडे पाहिले जातात आणि गाड्या रिकाम्या फिरवल्या जातात. तुम्ही दार उघडण्याआधी पोहोचलात तर रिकामी गाडी धावताना दिसण्याची बरीच शक्यता आहे. त्याला ती नक्की दाखवा.

प्रतिसाद १

तुमची भीती रास्त आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या संशोधकांनी २००५ मध्ये संगणकावरच्या गाडी चालवण्याच्या खेळातून दाखवून दिले होते की समवयस्क बरोबर असले की किशोरवयीन मुले एकटी असताना पत्करतात त्यापेक्षा जास्त धोका पत्करतात, आणि प्रौढांमध्ये हा फरक फारसा दिसत नाही. म्हणून त्याला राइडच्या तोंडाशी, सगळ्यांसमोर विचारूच नका. आदल्या दिवशी, तो एकटा असताना, नकाशा समोर ठेवून त्यालाच खुणा करू द्या: हे नक्की, हे कदाचित, हे अजिबात नाही. "अजिबात नाही" म्हटलेल्या राइडचा विषय दिवसभरात कोणीही काढायचा नाही, हे मुलीकडूनही आधी कबूल करून घ्या. "कदाचित" म्हटलेल्या राइडसाठी एक खूण ठरवा. माझा मुलगा माझी बाही ओढत असे, आणि मग "मला पाणी प्यायचंय, तू येतोस का बरोबर?" असे मी मोठ्याने म्हणत असे. रांगेतून बाहेर पडणारी मी असे, तो नव्हे.

सुचवणे चूक नाही, पण एकदाच सुचवा, आणि त्याने नाही म्हटले तर चेहऱ्यावर निराशा दिसू देऊ नका; या वयाची मुले शब्दांआधी चेहरा वाचतात. मुली मोठ्या राइडवर असतील तेव्हा तुम्हा दोघांपैकी एकाने त्याच्याबरोबर राहावे, पण त्याला सोबत म्हणून ताटकळत ठेवू नये. ते दोन तास त्याच्या यादीप्रमाणे जायला हवेत, मग ती बोट असो, आगगाडी असो किंवा राइडच्या कुंपणाबाहेर उभे राहून चाके पाहणे असो. संध्याकाळी सगळे परत एकत्र आलात की त्याने काय पाहिले ते आधी त्याला सांगू द्या, आणि मुलींच्या राइडच्या गोष्टी त्यानंतर निघू द्या.