इंदिरानगर ते सातपूर रोज सायकलने जमेल का? घाम, पाऊस, ट्रक... सगळंच सांगा

इंदिरानगरकर_४१

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. नाशिकला सातपूर एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे, जनरल शिफ्ट साडेआठ ते पाच, राहायला रथचक्र चौकाजवळ. एका बाजूने साधारण ९ किमी पडतं. आत्तापर्यंत बाईकनेच जातोय, गाडी ४५ चं ॲव्हरेज देते म्हणजे रोज ४०० मिली पेट्रोल, लिटरला १०५ धरले तर ४२ रुपये, महिन्याचे हजार-साडेदहाशे. पण पैशासाठी नाही विचारत, कंपनीच्या चेकअपमध्ये शुगर बॉर्डरवर आलीय, वजन ८६, डॉक्टर म्हणाले रोज तासभर चाला. सकाळी डबा भरून निघणाऱ्या माणसाने तासभर कधी चालायचं ते काही बोलले नाहीत. मग म्हटलं जो वेळ असाही रस्त्यात जातो तोच वापरू.

शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावलेला नाही. बजेट १५ हजारापर्यंत. दुकानात गेलो तर तो डबल सस्पेन्शन, जाड टायर, २१ गिअरवालीच दाखवत होता, म्हणाला साहेब खड्ड्यात हीच पाहिजे. खरंय का? घामाने भिजून कंपनीत कसं बसायचं? पावसात काय करता? आणि हायवेखालचा इंदिरानगर अंडरपास आणि ट्रक याची खरं सांगतो भीती वाटते. बायको म्हणते घ्या घ्या, कपडे वाळत घालायला गॅलरीत जागा कमीच पडते.

सराटे_आणि_पंक्चर

दादा आधी तो डबल सस्पेन्शनचा नाद सोडा. ते मागचं स्प्रिंग तुम्ही पायडल मारता त्यातली बरीच ताकद खातं, सायकल वजनाला १८-२० किलो, आणि दोन वर्षांत ते कुईकुई करायला लागतं. तुम्हाला डोंगरावरून उड्या मारायच्या नाहीत, सातपूरला जायचंय. साधी हायब्रीड बघा, म्हणजे रोड आणि माउंटन सायकलच्या मधली, पुढे सस्पेन्शन नसलं तरी चालेल, टायर ३५ ते ४० एमएमचे, खड्डे तेवढ्यात निघून जातात. दुकानात बाकी काही विचारू नका, दोनच गोष्टी विचारा, मडगार्ड बसतं का आणि मागे कॅरिअर बसतं का. फ्रेमला त्यासाठी भोकं असतात, ती नसली तर दुसरी सायकल दाखव म्हणायचं.

मडगार्डचं का म्हणतोय तर मी सिडकोतून अंबडला सहा वर्षं जातोय, पहिल्या वर्षी स्टाईल म्हणून मडगार्ड लावलं नव्हतं. जूनमध्ये पाऊस थांबलेला, रस्ता फक्त ओला होता, मी खुशीत गेलो. गेटवरचा वॉचमन मागून हाक मारतोय, साहेब पाठीवर काय झालं. बाथरूममध्ये शर्ट काढून बघितला तर कमरेपासून कॉलरपर्यंत चार बोटं रुंद मातकट पट्टा, मधोमध, जसं कोणी ब्रशने ओढलाय. पांढरा शर्ट होता. दिवसभर खुर्चीला पाठ चिकटवून बसलो आणि संध्याकाळी घरी जायच्या आधी साडेतीनशेचं प्लास्टिकचं मडगार्ड घेतलं.

आता रस्ता. मॅप तुम्हाला बाईकवाला रस्ता दाखवणार, सायकलचा रस्ता वेगळा असतो, तो स्वतः शोधायचा. रविवारी सकाळी जाऊन बघा. अंडरपास पीक टाइमला टाळता येत नसेल तर सरळ उतरा आणि कडेने हातात धरून पार करा, दोन मिनिटं जातात, लाज कसली. तिथून गोविंदनगरच्या आतल्या गल्ल्यांनी सिटी सेंटर मॉलच्या सिग्नलला निघा आणि मग त्र्यंबक रोड. काही झालं तरी अंबड-सातपूर लिंक रोडने जाऊ नका, अंतर कमी दिसतं पण सकाळी तिथे ट्रेलर आणि टेम्पो यांचं राज्य. आणि सध्या कुंभमेळ्याची कामं चालू आहेत, काल असलेला रस्ता आज खोदलेला असतो, त्यामुळे एक पर्यायी रस्ता कायम डोक्यात ठेवा.

ट्रकचं एकच सांगतो पण हे खरंच लक्षात ठेवा. सिग्नलला किंवा सर्कलला ट्रकच्या डाव्या बाजूने पुढे घुसायचं नाही. तो डावीकडे वळला की त्याचं मागचं चाक आतून कापत येतं आणि ड्रायव्हरला तुम्ही आरशात दिसतच नाही. मागे थांबा, जाऊ द्या त्याला. आणि रस्त्याच्या अगदी कडेला चिकटून चालवू नका, तिथेच वाळू, चेंबरची झाकणं आणि रिक्षाचं दार. कडेपासून हातभर आत राहा, मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे.

पंचवटीची_ताई

घामाचं मी सांगते कारण या लोकांना काही पडलेलं नसतं. मी पंचवटीतून कॉलेज रोडला जाते, साडेपाच किमी, काउंटरला बसते, समोर दिवसभर माणसं. तीन गोष्टींनी फरक पडला. सॅक पाठीला लावायची नाही, पाठ तिथेच भिजते, कॅरिअरला बाजूची बॅग लावा, डबा पण आडवा होत नाही. दुसरं म्हणजे शेवटचा एक किमी अगदी रमत गमत, कोणी आजोबा ओव्हरटेक करून गेले तरी चालेल. पोचल्यावर दहा मिनिटं पंख्याखाली बसा आणि मगच तोंड धुवा, लगेच धुतलं तर परत घाम येतो. सोमवारी आठवड्याचे कपडे एकदाच नेऊन ठेवते, शनिवारी परत आणते. कंपनीत लॉकर असेल ना तुम्हाला?

बायकांनी वाचत असाल तर, ओढणी गाठ मारून कमरेला, आणि चेनकव्हर असलेलीच सायकल घ्या. माझी सलवार एकदा रविवार कारंजाला चेनमध्ये अडकली होती, अर्धं पायडल पुढे ना मागे, एका फुलवाल्या काकूंनी येऊन चाक उलटं फिरवून सोडवली. सलवार गेली पण माणुसकी बघायला मिळाली.

जुना_ॲटलसवाला

मुलांनो तुम्ही हे सगळं नवीन शोध लावल्यासारखं लिहिताय म्हणून हसू आलं. माझी सगळी नोकरी सातपूरला झाली, भोंगा झाला की त्र्यंबक रोडवर सायकलींचा लोंढा निघायचा, हँडलला डबा, डोक्याला रुमाल, पाऊस आला तर खताच्या गोणीची खोळ. गिअर वगैरे काही नव्हतं, काळी २२ इंची ॲटलस, वजन २० किलो, डबलसीट बायकोला घेऊन पांडवलेणीला गेलोय. ती कंपनी पण गेली, साहिबाबादचा शेवटचा कारखाना २०२० ला बंद झाला, तारीख बघा, ३ जून, जागतिक सायकल दिन.

इंदिरानगरकर, तुम्हाला कोणी सांगितलं नाही ते सांगतो. सातपूर वरच्या अंगाला आहे. गोदावरी त्र्यंबककडून खाली येते, म्हणजे तुम्ही सकाळी नदीच्या उलट्या दिशेला जाणार. चढ डोळ्याला दिसत नाही, पायाला कळतो. त्यात पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे सकाळी चढ आणि तोंडावर वारा दोन्ही, आणि संध्याकाळी उतार आणि पाठीवर वारा. पहिल्या आठवड्यात लोक म्हणतात आपल्याने होत नाही, माझंच वय झालं. वय नाही झालेलं, वारा आहे तो. जायला ४५ मिनिटं धरा, यायला ३० लागतील. सकाळी १५ मिनिटं आधी निघा, विषय संपला.

नवीन घेण्याआधी जुनी मिळते का बघा. ओव्हरऑइलिंग म्हणजे सगळी खोलून साफसफाई-तेलपाणी करून घ्या, छर्रे बदला, चाकाचा आऊट म्हणजे डुगडुग काढा, दीड-दोन हजारात पाच वर्षं बघायला नको. आणि चाकात हवा स्वतः तपासा. पंपावरचा पोरगा मोटारसायकलच्या हिशोबाने ३० पीएसआय भरतो, सायकलला ५०-६० लागते. कमी हवेत चालवली की पायाला दम लागतो आणि खड्ड्यात रिम आपटून ट्यूबला दोन भोकं पडतात, सापाने चावल्यासारखी शेजारीशेजारी. तशी दोन भोकं दिसली की समजायचं काटा नाही, हवा कमी होती.

द्वारका_जॅम

एवढं कशाला, ई सायकल घ्या, लायसन नको पासिंग नको.

सराटे_आणि_पंक्चर

@द्वारका_जॅम भाऊ सगळ्याच ई सायकलला नाही तसं. मोटर २५० वॅटच्या आतली, स्पीड २५ च्या आत, आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल तरच रजिस्ट्रेशन लागत नाही. बाजारात काही दुकानदार त्याच्यावरची पण "सायकल" म्हणून खपवतात, उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सही नाही आणि कोर्टकचेरी वेगळी. शिवाय दादांना शुगर कमी करायचीय, मोटरची नाही.

काकांचा वाऱ्याचा मुद्दा एक नंबर, मला सहा वर्षांत हे सुचलं नव्हतं, मी अंबडकडे जातो म्हणून असेल. जुन्या ॲटलसवर मात्र माझं काकांशी जमत नाही. ४१ वर्षांच्या, २५ वर्षांनी बसणाऱ्या माणसाला चढावर गिअर पाहिजेतच, नाहीतर गुडघे बोलतील. पुढे एकच चकती आणि मागे ७ असली तरी पुरे.

पंक्चरचं माझ्या नावातच आहे. आपल्याकडे काळजी दोन गोष्टींची, रिकाम्या प्लॉटच्या कडेचे सराटे आणि एमआयडीसीतलं लेथवरचं वळलेलं बारीक स्क्रॅप, टेम्पोतून सांडत जातं. पंक्चर काढलं की नुसती ट्यूब बदलून मोकळे होऊ नका, टायरच्या आतून बोट फिरवा, हळू फिरवा कापतं, तो तुकडा आतच अडकलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी तिथेच परत बसते. एक जादा ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर, छोटा पंप एवढं बॅगेत ठेवायचं. सोल्युशन लावत रस्त्यात बसू नका, घरी या मग लावा.

पंचवटीची_ताई

पावसाचं राहिलंच. रेनकोट घालून सायकल म्हणजे आतून घामाने आणि बाहेरून पावसाने, दोन्हीकडून ओलं. मी तर भिजते सरळ, कपडे ऑफिसात असतातच, फक्त फोन आणि डबा प्लास्टिकमध्ये. ब्रेकचं मात्र जपा, रबराचे ब्रेक ओल्या रिमवर लगेच धरत नाहीत, चाक एक-दोन फेरे फिरलं की मग धरतात, म्हणून आधीपासून दाबायला लागायचं. साचलेल्या पाण्यातून कधीच नाही, खाली खड्डा आहे की उघडं चेंबर कोण बघतंय.

मागे लाल दिवा दिवसा पण लावा पावसात. दीडशे-दोनशेला मिळतो.

इंदिरानगरकर_४१

सगळ्यांचे मनापासून आभार. आधी सायकल न घेता मेव्हण्याची मागून घेतली आणि आज रविवारी जाऊन आलो. सकाळी पावणेसातला निघालो, अंडरपास रिकामा होता तरी उतरलोच, एक दूधवाला वळून बघत होता. गोविंदनगर आरामात. त्र्यंबक रोडला लागल्यावर एबीबी सर्कलच्या अलीकडे वाटलं ब्रेक चिकटलाय, उतरून चाक फिरवून बघितलं तर मोकळं. मग काकांचं आठवलं. वारा समोरून होता हो खरंच, झाडाची पानं बघितली तेव्हा कळलं. कंपनीच्या गेटपर्यंत ५२ मिनिटं. वॉचमन म्हणाला आज सुट्टी आहे ना साहेब, गाडी बंद पडली का. येताना ३३ मिनिटं, मधे मिसळ खाल्ली त्याची २० वेगळी. (बायकोला मिसळीचं सांगितलेलं नाही.)

आता दोन अडचणी. कंपनीत सायकलला स्टँड नाही, टू व्हीलर पार्किंगमध्ये भिंतीला टेकवा म्हणतात, तिथे कोणी बाईक लावताना आपटणारच. आणि दुसरं, बसता येईना झालंय आणि उजवा गुडघा पुढून दुखतोय. जेलवालं सीटकव्हर घेऊ का?

जुना_ॲटलसवाला

कव्हर नको, सीट वर घ्या. गुडघा पुढून दुखतो म्हणजे सीट खाली आहे, मेव्हणा बुटका असणार. सायकलवर बसून पायडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा, पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवडा ठेवलात की गुडघा जरासा वाकलेला राहतो, तेवढाच पाहिजे. बुडाचं दुखणं आठ-दहा दिवसांत जातं, सगळ्यांचं गेलं.

पंचवटीची_ताई

पार्किंगसाठी एचआरला एकट्याने मेल करू नका, आणखी तीन-चार सायकलवाले असतीलच, कॅन्टीनवाले, हाउसकीपिंगवाले, सगळ्यांची नावं घालून करा. आमच्याकडे मी एकटीने विचारलं तेव्हा सहा महिने उत्तर नाही, शिपाई काकांसकट पाच जणांनी सही केली तर आठवड्यात दोन पाइप वाकवून भिंतीला ठोकून दिले. कुलूप त्या पाइपातून आणि फ्रेममधून घालायचं, नुसतं चाकाला लावलं तर उचलून नेतात सायकल.

द्वारका_जॅम

डॉ. महाजन बंधू २०१५ ला नऊ दिवसांच्या आत अमेरिका आरपार करून आले नाशिकचे, तुम्ही सातपूरलाच ५२ मिनिटं 😄

इंदिरानगरकर_४१

@द्वारका_जॅम ते दोघं होते आणि आळीपाळीने चालवत होते 😄 मेव्हण्याला विचारतो, एबीबी सर्कलपासून पुढे तू घे.

काका सीट वर केली, साडेतीन बोटं वर गेली. मेव्हणा खरंच बुटका आहे. उद्या सोमवार, साडेसातला निघतो.