पऱ्हाटीवाल्याचं 'मन' मोकळं करायला निघालेल्यांना

वर्धारोडवाला
कालपासून एक पोस्ट फिरून राहिली. थोडक्यात अशी: विदर्भातला शेतकरी बुडाला तो इंग्रजी 'ज्ञानव्यवस्थे'मुळं, मार्क्सही युरोपचाच, म्हणून भांडवलशाहीची भाषा बोलणं म्हणजे पुन्हा गुलामीच, आधी मनाचं निर्वसाहतीकरण करा, म्हणजे मनावरचा इंग्रजी पगडा काढा, बाकीचं मागाहून. ज्यांनी कधी कापसाच्या गाडीमागं रात्र काढली नाही, ते लिहून राहिले हे.

1867 मध्ये रेल्वे नागपुरात आली. त्या काळच्या कापूस आयुक्तानं, रिव्हेट-कार्नॅकनं, सगळं उघड लिहून ठेवलंय: कापसाच्या मुलखात आगगाडीचा फाटा गेला की विलायती कापड इथल्यापेक्षा स्वस्त पडेल, इथं सुतात जिरणारा कापूस बाहेर जाईल आणि चरख्या-मागावरचे हात शेतमजुरीला मोकळे होतील. हा निव्वळ धंद्याचा हिशेब. मन बदलायची त्याला गरजच नव्हती. पुढं 1 जानेवारी 1877 ला, व्हिक्टोरिया सम्राज्ञी झाली त्याच दिवशी, जमशेदजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस ही कापडगिरणी सुरू केली. मालक देशी झाला म्हणून मजुराचं मन मोकळं झालं का?

इतिहासकार रणजित गुहांची मांडणी अशी, की युरोपातल्या भांडवलदारानं सगळ्या समाजाला सोबत घेतलं, आपल्याकडच्याला ते जमलं नाही, म्हणून इथं भांडवल अर्ध्यावर अडलं. मार्क्सवादी समाजशास्त्रज्ञ विवेक चिब्बरनं 2013 च्या पुस्तकात नेमकं इथंच बोट ठेवलं. 1640 चं इंग्लंड घ्या की 1789 चा फ्रान्स, तिथल्या भांडवलदारानंही हक्क वाटले नाहीत. लोकांनी ते भांडून घेतले. भांडवलाला सगळे एकसारखे नको असतात, सगळे बाजारावर टेकलेले असले की झालं. पोळ्याला बैल सजवणारा माणूस बियाणं कृषी केंद्रातून उधारीवरच उचलतो, आणि त्याच्या कापसाचा भाव न्यूयॉर्कच्या वायद्यावर हलतो. यात त्याची संस्कृती कुठं आडवी आली?

ऋता_धरमपेठ
ती पोस्ट माझीच. चिब्बर वाचला की माणूस पोपट होतो, हे आज पुन्हा पटलं. इतिहासकार दीपेश चक्रवर्तींनी भांडवल नाकारलं कुठं? 1989 च्या पुस्तकात त्यांनी कलकत्त्याच्या तागगिरण्यांचाच अभ्यास केलाय. कामगार सरदाराच्या, म्हणजे मजूर भरणाऱ्या मुकादमाच्या मर्जीवर होता आणि युनियनचा बाबूही त्याच्याशी धन्यासारखा वागायचा. कागदावरचा 'मुक्त मजूर', आपल्या मर्जीनं श्रम विकणारा, तिथं सापडतच नाही. आणि तुमचा मार्क्स 1853 मध्ये लिहितो, हिंदुस्थानी समाजाला इतिहासच नाही. हे आम्ही मुकाट्यानं गिळायचं?

वर्धारोडवाला
ताई, मार्क्सचं ते वाक्य टाकाऊच आहे, त्यावर वाद नाही. पण सरदार आणि मुकादम सोयीचे होते म्हणूनच मालकानं ठेवले ना? मजूर एकमेकांत विभागलेले असले की मजुरी पाडता येते. एवढ्यासाठी नवा सिद्धांत कायले पाहिजे?

वेगळा_विदर्भ_आत्ताच
विदर्भाला महाराष्ट्रात घेतानाचा 1953 चा नागपूर करार वाचा. सगळं त्यात आहे. मुंबईवाल्यांनी अनुशेष खाल्ला.

ऋता_धरमपेठ
झालं सुरू.

इंदोरा_लाइन
मालकाची सोय, म्हणता? माझे आजोबा एका गिरणीत होते. जन्मभर सूतकताईत. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, पैसा जास्त, पण मागाच्या धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढून घ्यावं लागे. आमच्या, म्हणजे दलित माणसाच्या ओठाला लागलेलं सूत दुसरा कसा ओढणार? म्हणून तिकडं पाय ठेवायची सोय नाही. आता मला सांगा, मालकाचा यात काय फायदा? त्याला तर आणखी हात मिळाले असते, विणकराची मजुरी उतरवता आली असती. दार अडवून उभा होता तो शेजारचा मजूर. तुमचा 'कामगार वर्ग'.

वर्धारोडवाला
पण मालकानं चालू दिलं, हेही खरंच.

इंदोरा_लाइन
चालू दिलं आणि चालवलं, यात फरक आहे, दादा. मुंबईत 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न मांडला, तेव्हा लाल बावट्यानं, म्हणजे कम्युनिस्ट युनियननं, तो नाखुशीनं घेतला. आणि 1938 मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढं ते बोलले, की आपले शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. दोन. तुम्ही एक धरता, मॅडम दुसऱ्याचं नाव 'संस्कृती' ठेवून तिचं कौतुक करतात.

कोष्टीपुरा
ते ओठाचं आमच्या घरीही ऐकलंय, आणि खरंय ते, लाज वाटते सांगायला. पण आम्हा विणकरांचं, कोष्ट्याचंही ऐका ना बापा. विलायती सूत स्वस्त आलं तसं घरचं कातणं गेलं. मग गिरणीचं सूत घेऊन लुगडी विणली. नंतर तीही कोणी घेईना. माझ्या बापानं माग मोडून लाकूड चुलीत घातलं. वरून 2000 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, हलबा-कोष्टी अनुसूचित जमातीत बसत नाही. माग गेला, दाखलाही गेला.

इंदोरा_लाइन
दाखल्याचं इथं आणू नका.

कोष्टीपुरा
काऊन नाही आणायचं? तुमच्या आजोबाचं ओठ चालतं, माह्या बापाचं माग नाही चालत?

इंदोरा_लाइन
माग चालतो. तो खोटा आहे असं म्हणालोच नाही. ज्या आदिवासींच्या जागा आहेत, त्यांना विचारून या एवढंच.

ऋता_धरमपेठ
बघा! तुम्ही तिघं ज्यावर भांडताय, दाखला, जात, जमात, ती सगळी खाती इंग्रजांच्या जनगणनेनं पक्की केली. हेच मी म्हणत होते.

इंदोरा_लाइन
वा. म्हणजे धोट्याला ओठ लावायचा नाही, हे जनगणनेच्या साहेबानं शिकवलं?

ऋता_धरमपेठ
तसं म्हणाले नाही मी.

वर्धारोडवाला
पोस्टमध्ये तसंच लिहिलंय, ताई. 'जातीय कडवटपणा ही वसाहतीची देन', तिसरा परिच्छेद.

ऋता_धरमपेठ
तो परिच्छेद ढिला आहे, दुरुस्त करते. पण गुहांनी 1983 मध्ये शेतकऱ्याच्या बंडाला स्वतःची अक्कल असते हे दाखवलं, तेव्हा तुमचे मार्क्सवाले त्याला 'राजकारणपूर्व', म्हणजे राजकारणाची समज नसलेलं, म्हणत होते. त्याचं श्रेय देऊन टाका.

वर्धारोडवाला
दिलं. ते पुस्तक भारीच आहे. गुहांच्या 'सबाल्टर्न स्टडीज' गटातूनच बाहेर पडलेल्या इतिहासकार सुमित सरकारांनी पुढं विचारलं, की यात कष्टकरी राहिला कुठं. तेही वाचा म्हणजे झालं.

इंदोरा_लाइन
आणि दादा, तुमच्या चिब्बरनं मजुरी, बाजार, संप सगळं तपासलं. साचेखात्याच्या दारात कोण उभं होतं, याला त्याच्या पुस्तकात किती पानं आहेत?

वर्धारोडवाला
फारशी नाहीत.

कोष्टीपुरा
माझ्या दाखल्याचं राहिलंच.

वेगळा_विदर्भ_आत्ताच
करार वाचला का कोणी?