पोम पोको: रिव्ह्यूवाले लांबड म्हणतात, मग मी का रडले?

घोडबंदरची_आई:
रविवारी लेकीसोबत (वय ९) पोम पोको बघितला, १९९४ चा जपानी ॲनिमेशन पिक्चर, दिग्दर्शक ताकाहाताचा, जवळजवळ सगळा हाताने काढलेला. टोकियोजवळ तामाचे डोंगर कापून न्यू टाऊन उभारतात आणि तिथले तानुकी (कोल्ह्याच्या जातीतला जपानी प्राणी) रूप बदलायची विद्या शिकून ते काम बंद पाडायला बघतात. नंतर रिव्ह्यू वाचले तर बरेच जण म्हणतायत की लांबलाय, निवेदक गप्पच बसत नाही, फार उपदेश. आम्ही चौदाव्या मजल्यावर, खिडकीतून येऊर दिसतो आणि मध्ये चार क्रेन, त्यामुळे मलाच जास्त लागला की पिक्चर खरंच भारी आहे?

नेरुळकर८२:
लांब आहेच हो, दोन तासाला एक मिनिट कमी, मधे मी चहा टाकून आलो. पण जपानमध्ये त्या वर्षी जपानी सिनेमांत सगळ्यात जास्त धंदा यानेच केला, ऑस्करला देशाची एन्ट्री म्हणून गेला (नॉमिनेशन नाही मिळालं) आणि ९५ ला फ्रान्समध्ये आनसीच्या ॲनिमेशन फेस्टिव्हलला बेस्ट फीचर. निवेदकाचं म्हणाल तर ही हरलेल्यांची बखर आहे, बखरीत सांगणारा असणारच ना.

पार्सिकचा_पप्पू:
अरे मेन मुद्दा कोणी बोलतच नाहीये 😂 ते तानुकी अंडकोष ताणून पॅराशूट करतात ते! जपानी लोककथेत तानुकी तसाच असतो, तिकडे दुकानाबाहेर पुतळे पण तसेच, पण इंग्रजी डबमध्ये लाजून थैली करून टाकलंय. पोराने विचारलं बाबा ही थैली कसली, मी म्हटलं आईला विचार.

घोडबंदरची_आई:
@पप्पू 😂 आमच्याकडे पण तेच झालं. मला सगळ्यात झोंबलं ते भुतांच्या मिरवणुकीचं, तानुकींनी माणसांना घाबरवायला एवढा जीव तोडून काढली आणि थीम पार्कवाला म्हणतो ही आमचीच जाहिरात होती. आमच्या टॉवरच्या ब्रोशरवर येऊरचं जंगल छापलेलं आणि व्ह्यूचे पैसे वेगळे घेतलेले, आणि ते आम्ही हसत हसत भरले.

कळव्याचा_काका:
मला शेवट नाही पटला. तो तानुकी थेट आपल्याकडे बघून बोलतो की आम्ही निदान रूप तरी बदलू शकतो, सशांनी काय करायचं, ते भाषण झालं. त्यापेक्षा तानुकींमुळे कामावरची माणसं मरतात तेव्हा सगळे आधी गप्प होतात आणि मग हसू आवरतच नाही, तो सीन दहापट भारी. तिथे तानुकी पण काही साधुसंत नाहीत हे दाखवलंय, आणि रिव्ह्यूवाले उपदेश उपदेश करतात ते हा सीन विसरून.

नेरुळकर८२:
काका, भाषण आहे मान्य, पण २०१९ ला ठाण्यात मॉलमध्ये बिबट्या शिरलेला आठवतंय? मला तर ते सशाचं ऐकताना तोच आठवला.

घोडबंदरची_आई:
बघतोय म्हणणाऱ्यांनी जपानी ऑडिओ आणि सबटायटल लावा. बाकी शहरात माणूस बनून राहिलेले तानुकी एनर्जी ड्रिंक पिऊन दिवस काढतात ना, तेव्हापासून लेकीचा सेक्रेटरी काकांवर संशय आहे.