'शटर आयलंड' पुन्हा दाखवताना कुठले तुकडे थांबवून बघावेत?

निपाणीकर:
नमस्कार मंडळी. इथल्या वाचनालयात रविवारी 'शटर आयलंड' (२०१०) हा बेटावरच्या मनोरुग्णालयात घडणारा इंग्रजी सिनेमा दाखवून चर्चा ठेवलीय. येणारे मराठी-कानडी दोन्ही, बहुतेकांनी एकदा पाहिलेला. पण "शेवटी हिरोच वेडा निघतो" याच्यापुढे गाडी सरकत नाही. कुठल्या दृश्यांवर बोलावं? औषधांचं कुणी विचारलं तर काय सांगावं?

टिळकवाडी_बेळगाव:
पिक्चर १३८ मिनिटांचा आहे. मधे मधे थांबवलात तर सगळा ताण जातो ओ. आधी सलग दाखवा, मग निवडक तुकडे परत लावा.

फाटकावर पिस्तुलं जमा करतात ते बघा. मार्शल म्हणून आलेला हिरो टेडी सहज काढून देतो, त्याचा जोडीदार चक याला मात्र ते कमरेवरून सोडवता सोडवत नाही. मार्शलचा हात असा अडखळेल का? चक म्हणजे खरं तर टेडीचा डॉक्टर शीहन, टेडीला बरं करायला सगळ्यांनी रचलेल्या नाटकात मार्शल झालेला.

मग रुग्णबाईची चौकशी. ती पाणी पिते तेव्हा एका शॉटमध्ये हातात ग्लासच नाही आणि लगेच रिकामा ग्लास टेबलावर. हे हळू लावा, नाहीतर निम्म्यांना दिसणारच नाही. कुणी संकलनाची चूक म्हणेल, पण टेडीची तिन्ही मुलं तळ्यात बुडालेली आहेत, त्याच्या मनाला पाणी सोसत नाही. आग दिसली की बहुतेकदा भ्रम, जशी गुहेत शेकोटीपाशी भेटणारी डॉक्टरबाई. पण हा पक्का नियम म्हणून सांगू नका. धोकादायक रुग्णांच्या सी वॉर्डात तो काड्या ओढत नॉइस या रुग्णाशी बोलतो आणि नॉइस खरा आहे.

खानापूर_वाचक:
एका नावाची अक्षरं फिरवून दुसरं नाव होतं, ते कोडं फळ्यावर देवनागरीत लिहू नका, जुळणारच नाही. एडवर्ड डॅनियल्स (टेडी) आणि अँड्र्यू लेडिस (त्याचं खरं नाव), दोन्ही रोमन लिपीत लिहून १३-१३ अक्षरं पोरांनाच एकेक खोडायला लावा. रेचल सोलँडो (टेडी शोधतो ती हरवलेली रुग्ण) आणि डोलोरेस शनाल (त्याची बायको) यांचंही तसंच.

धारवाड_रोड:
औषधाचं सांगतो. टेडीचे हात थरथरतात ते क्लोरप्रोमाझिन हे मनोविकारावरचं औषध बंद केल्यामुळे, असं रुग्णालयाचा प्रमुख डॉ. कॉली म्हणतो, म्हणे दोन वर्षं चालू होतं. कथा १९५४ची. मनोरुग्णांवर त्याचा वापर पॅरिसमध्ये १९५२त सुरू झाला, अमेरिकेत मान्यता १९५४त. म्हणजे पटकथेने थोडी घाई केलीय.

त्याहून महत्त्वाचं, याला स्मृतिभ्रंश म्हणू देऊ नका. टेडी विसरलेला नाही, त्याने आठवणींची मांडणी बदललीय. दाखाऊच्या नाझी छावणीत तो सैनिक म्हणून खरंच होता. पहारेकऱ्यांना मारलंच असेल असं नाही, हे कॉलीच सांगतो. खऱ्याचा धागा असतो म्हणूनच भ्रम इतका घट्ट बसतो. आणि सगळ्यांनी मिळून नाटक केलं की रुग्ण बरा होतो, असा समज घेऊन कुणी घरी जाता कामा नये. घरात असा रुग्ण असलेलं कुणी समोर बसलेलं असू शकतं. धारवाडच्या डिम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतले कुणी डॉक्टर येत असतील तर जरूर बोलवा.

टिळकवाडी_बेळगाव:
बरोबर. शेवटच्या पायऱ्यांवरच्या दृश्याला आवाज वाढवा. राक्षस होऊन जगावं की भला माणूस म्हणून मरावं, हा प्रश्न मूळ २००३च्या कादंबरीत नाही, सिनेमाने घातलाय. तो विचारून उठतो, मागून शीहन "टेडी" अशी हाक मारतो आणि तो वळत नाही. पुढे लोबोटॉमी (मेंदूची शस्त्रक्रिया) आहे हे त्याला कळलेलं आहे की नाही, यावर अर्धा तास तरी राखून ठेवा.