गव्याचा अधिवास उपग्रहावरून ठरवावा का?

मूळ मांडणी
राधानगरी, चांदोली आणि कोयना या पट्ट्यात गव्यांना योग्य असलेल्या अधिवासाचा नकाशा उपग्रहाच्या प्रतिमांवरून तयार करून त्यांचे संचारमार्ग राखावेत, असे माझे ठाम मत आहे. दाजीपूरचे रान १९५८ पासून अभयारण्य म्हणून राखलेले आहे, पण गवा केवळ त्या हद्दीतच राहत नाही आणि सह्याद्रीचे सगळे कडे-दऱ्या पायी पालथे घालणे कोणालाही शक्य नाही. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या १० मीटर तपशिलाच्या प्रतिमा विनामूल्य मिळतात. त्यांना चढउतार, पाणवठे आणि रस्त्यांची जोड दिली, की जंगलाचे तुकडे नेमके कुठे तुटले आहेत ते दिसते.

प्रतिसाद १ (विरोध)
उपग्रहाला वरचा हिरवेपणा दिसतो, खाली काय उगवले आहे ते दिसत नाही. घाणेरी आणि रानमोडी ही तणे माजलेले रान प्रतिमेत समृद्ध भासते, पण तिथे गव्याला चरायला गवत उरलेले नसते. याउलट जांभ्याचा सडा, म्हणजे जांभा खडकाचे उघडे पठार, उन्हाळ्यात करपलेला दिसतो म्हणून पडीक ठरतो, आणि पावसाळ्यात कोवळे गवत तिथेच येते. मध्य प्रदेशातील बांधवगडमध्ये जंगल उभे असतानाही गवे नामशेष झाले आणि २०११-१२ मध्ये कान्हातून ५० गवे आणावे लागले. गुरांकडून येणारे रोग तर कोणत्याच प्रतिमेत उमटत नाहीत.

मूळ लेखकाचे उत्तर
सड्याचा आक्षेप एकाच ऋतूची प्रतिमा घेतली तर खरा आहे. वर्षभराच्या प्रतिमा लावल्या तर सडा आणि पडीक जमीन बरीचशी वेगळी करता येते, आणि पावसाळी ढगांतून सेंटिनेल-१ उपग्रहाचे रडार पाहू शकते. रानमोडीसाठी मात्र जमिनीवरची पाहणी लागेलच, हे मला मान्य आहे. नकाशासाठी गवे कुठे आढळतात याच्या ज्या नोंदी संगणकाला द्याव्या लागतात, त्यासाठी वनखात्याचे पीकनुकसानीचे पंचनामे वापरावेत. ते गावोगावी उपलब्ध आहेत.

प्रतिसाद २ (विरोध)
माझा सर्वांत मोठा आक्षेप नेमका या पंचनाम्यांना आहे. गवा उसात शिरला, अशा नोंदी संगणकाला दिल्या, तर तो उसाचे फड हाच उत्तम अधिवास ठरवील आणि शेतकऱ्याच्या रानावर 'योग्य' असा शिक्का बसेल. नुकसानीचा नकाशा वेगळा ठेवावा आणि अधिवासासाठी केवळ जंगलातील पाऊलखुणा, शेण व चरल्याच्या खुणा घ्याव्यात. त्याही रस्त्यालगतच्या नसाव्यात, कारण तिथे माणसे जास्त फिरतात म्हणून नोंदीही जास्त होतात.